डुकरिणीचं बाळंतपण

शेजारच्या काकींना चार मुलींवर पाचवी मुलगी झाली तेव्हा मी तिसरीत होते. विहिरीवर पाणी भरता भरता कुणीतरी म्हणालं, “डुकरिणीसारखी पोरां काढता नुसती.” दोघी-तिघी हसल्या. आजी माझ्याबरोबर होती. ती हसली नाही आणि काही बोललीही नाही. कळशी कमरेवर घेतली, माझा हात धरला आणि पायवाटेला लागली. आजी सुईण होती. कुडाळजवळच्या आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतली कितीतरी पोरं तिच्या हातावर झालेली. काकींची पाचवीही त्यातलीच.

शिवी कळायचं माझं वय नव्हतं, पण वाक्य डोक्यात बसलं. डुकरीण म्हणजे मागचापुढचा विचार न करता ढिगानं पिल्लं टाकणारी आणि टाकून मोकळी होणारी, एवढा अर्थ त्या हसण्यातून मला लागला होता. पुढे पशुवैद्यक शिकायला परळच्या कॉलेजात आले तरी तो पुसला गेला नव्हता. डुकराचा गाभणकाळ ११४ दिवस. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा पाठ करायचा. तो पाठ होता. विताना मी गाई पाहिल्या, म्हशी, शेळ्या, कुत्र्या पाहिल्या. डुकरीण पाहिली नव्हती. तिच्या वाटेला आमच्यातलं कुणी फारसं जात नसे.

ती पाहिली शिक्षण संपल्यावर, गोव्यात. काणकोण तालुक्यातल्या आगोंदला एका मैत्रिणीच्या ओळखीनं मी काही दिवस राहिले होते. डिसेंबर होता. माडांच्या आडोशाला कौलारू घर, मागे न्हाणी, न्हाणीपलीकडे चिऱ्याचा बुटका गोठा आणि त्यात एक काळी, राठ केसांची गावठी डुकरीण. याच गावाच्या नावावरून गोव्याच्या गावठी डुकराची ‘आगोंदा गोवन’ ही जात पुढे सरकारदरबारी नोंदली गेली. तेव्हा मात्र तिला कुणी जात म्हणत नव्हतं, ते नुसतं घरचं डुकर होतं. घरमालकीण सत्तरीची. तिला सगळे आंटीच म्हणत, मीही म्हणू लागले.

त्या दिवशी सकाळी आंटीनं डुकरिणीचा सड दोन बोटांत धरून हलकेच पिळला. पांढरा थेंब आला. “आतां पिलां येतलीं,” ती म्हणाली आणि गोठ्याचं फळकूट काढून टाकलं. मला वाटलं, विणाऱ्या जनावराला कोंडून ठेवायचं सोडून ही मोकळी काय सोडते? तर डुकरीण बाहेर आली, परसाच्या कडेकडेनं हुंगत फिरली, आणि काजूच्या झाडाखाली भिंतीलगतची एक जागा तिनं पसंत केली. मग नाकाडानं माती उकरायला घेतली. मागे सरायची, पुढच्या पायांनी ओरबाडायची, पुन्हा नाकाड घालायची. अर्ध्या तासात तिच्या अंगाच्या मापाचा एक खोलगट खळगा तयार झाला. त्यानंतर सामान. माडाची सुकलेली चुडतं तोंडात धरून ओढत आणली. काजूचा पाचोळा आणला, पेंढा आणला, जुनं गोणपाट आणलं. दोरीवर वाळत घातलेला आंटीचा टॉवेलही खेचून नेला. जाडं सामान खाली आणि कडेला, मऊ सामान आत. मध्येच आत शिरून गोल फिरायची, बसायची, उठायची, एखादं चुडत काढून दुसरीकडे लावायची. दुपार सरली तरी काम चालूच. मी जवळ जाऊन पेंढ्याची एक पेंढी पुढे टाकायला गेले तर आंटीनं मला हातानं मागे ओढलं. “उगी राव गो. तिका सगळें कळटा.”

मी उगी राहिले. त्या दिवसाआधी गाभण डुकरिणीच्या अंगात असं काही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर शोधून शोधून वाचलं. विण्याच्या आदल्या दिवशी रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढतं आणि तिला घर बांधायची हाक आतून येते. तयार घरटं दिलं तरी ती आपलं बांधायला घेतेच. एडिनबर्गजवळ स्टोल्बा आणि वुड-गश या दोन शास्त्रज्ञांनी पाळीव डुकरांना झाडाझुडपांच्या मोकळ्या जागेत सोडलं आणि काही वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या गोठ्यात वाढलेल्या वाणाच्या त्या डुकरिणी, दिवस भरल्यावर कळपापासून दूर गेल्या आणि रानडुकरिणीसारखी घरटी बांधू लागल्या. कुणी शिकवलेलं नव्हतं.

हे मी पुढे एका मोठ्या वराहपालन केंद्रात आठवलं. तिथे डुकरिणी लोखंडी नळ्यांच्या अरुंद चौकटीत उभ्या होत्या. वळता येऊ नये इतपतच जागा, म्हणजे पिल्लू अंगाखाली येत नाही. त्यातली एक त्या रात्री विणार होती. खाली सिमेंट. गवताची काडी नाही. ती पुढच्या पायानं सिमेंट ओरबाडत होती, थांबून नळीला नाकाड लावत होती, पुन्हा ओरबाडत होती. तासभर मी तिथे होते, तासभर तो खरखर आवाज चालू होता. चौकटीमुळे पिल्लं वाचतात हा युक्तिवाद मी समजू शकते, मेलेली पिल्लं मीही उचलली आहेत. पण स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडनं अशा चौकटींचा रोजचा वापर कायद्यानं बंद केला आहे आणि तरीही तिथे डुकरं पाळली जातात. मूठभर पेंढा तरी द्या, असं मी त्या दिवसापासून जिथे जाते तिथे सांगते. खर्चाचा तो भागच नाही. तिच्या पायांना काहीतरी करायला मिळतं.

आगोंदला संध्याकाळी सातच्या सुमारास ती आडवी झाली. आंटीनं कंदील दूर ठेवला. आम्ही दोघी न्हाणीच्या पायरीवर. डुकरीण कुशीवर, पाय सरळ, श्वास खोल. शेपटी दोनदा झटकली आणि पहिलं पिल्लू बाहेर आलं. मी सवयीनं पुढे झाले. गाय वासराला चाटते, कुत्री पिशवी फाडते, नाळ तोडते. डुकरीण यातलं काही करत नाही. ती उठलीसुद्धा नाही. पिल्लू ओलं, चिकट, नाळ मागे फरफटते आहे, आणि ते आपलं आपण चार पायांवर उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं. आईच्या मागच्या पायाला वळसा घालून, पोटाच्या कडेनं हुंगत हुंगत सडाकडे चाललं. नाळ ताणली गेली आणि तुटली. सगळी मिळून काही मिनिटांची वाट. मी जन्मात इतका श्वास रोखून कुणाला चालताना पाहिलेलं नाही.

तेव्हाच मनात आलं, विहिरीवरच्या बायका हेच म्हणत असणार. बघा, चाटत नाही, बघत नाही. पण चाटत का नाही, याचं उत्तर तिच्या पोटाशी होतं. विताना तिच्या सडांतून चीक, म्हणजे पहिलं दूध, सतत वाहत असतो, उघड्या नळासारखा. ती कुशीवर निश्चल पडून राहिली तरच प्रत्येक पिल्लाला आल्या आल्या तो मिळतो. एकेकाला चाटायला ती उठबस करू लागली तर आधी आलेली पायाखाली येतील. आणि चीक म्हणजे त्यांचा जीव. डुकराची वार, म्हणजे पोटात पिल्लाला आईशी जोडणारा भाग, अशी असते की आईच्या रक्तातली आजाराशी लढणारी प्रतिपिंडं तिच्यातून पिल्लापर्यंत पोचत नाहीत. माणसाचं बाळ आईकडून थोडीफार शिदोरी घेऊन येतं. डुकराचं पिल्लू रित्या हातानं येतं. जे काय मिळायचं ते चिकातून, तेही पहिल्या चोवीस तासांत. नंतर आतड्याचं दार मिटतं. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो, त्यात वेलदोडा घालतो. तो चीक काय चीज असते हे मला त्या काजूखाली कळलं.

दुसरी गोष्ट ऊब. डुकराच्या पिल्लाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, केसही विरळ. नवजात माणसाच्या बाळाला पाठीखांद्याशी एक तपकिरी चरबी असते, ती जळून ऊब देते. पिल्लाला तीही नाही. ३९ अंशांच्या पोटातून ते डिसेंबरच्या रात्रीत येऊन पडतं. त्याला लागते ३२ ते ३४ अंशांची हवा, आणि आईला त्याच हवेत धाप लागते, तिला अठरा-वीस बरे. दोघांना एकाच खोलीत सुखी ठेवायचं कसं, यावर मोठ्या गोठ्यांत तापवायचे दिवे लावतात. हिनं दुपारभर बांधलेल्या घरात मी पहाटे हात घातला. बाहेर दव पडलेलं होतं. आत, पेंढा आणि गोणपाटाच्या मधे, पिल्लांच्या ढिगाखाली हात पोळावा इतकं उबदार होतं.

सात पिल्लं झाली. पंधरा-वीस मिनिटांनी एकेक, मध्ये एकदा पाऊण तास काहीच नाही. सहावं फार बारीक निघालं, मांजराच्या पिल्लाएवढं. ते थरथरलंही नाही, आणि तेच वाईट लक्षण. आंटीनं त्याला फडक्यात गुंडाळलं, चुलीपाशी काथ्या भरलेल्या टोपलीत ठेवलं, तळव्यानं चोळत राहिली. ओठ हलत होते, बहुधा प्रार्थना होती. अर्ध्या तासानं त्यानं आवाज काढला तसा तिनं त्याला नेऊन पुढच्या सडाला लावलं. पुढचे सड दुधाचे, ते जोरकस पिल्लं पटकावतात. बारक्याला तिथे जागा मिळावी म्हणून आंटी पहाटेपर्यंत एका दांडग्याला बोटानं बाजूला सारत बसली होती.

पुढचे चार दिवस मी त्या भिंतीपाशीच असायचे. डुकरीण दूध कशी पाजते हे पाहण्यासारखं आहे आणि ऐकण्यासारखंही. पहिला दिवस गेला की सततचा चीक थांबतो. मग साधारण दर तासाला एक वेळ येते. ती कुशीवर होते, दोन्ही ओळींतले सड पिल्लांना दिसतील अशी किंचित कलते, आणि घशातून एक हलका हुंकार सुरू करते. घूं. घूं. घूं. झोपलेली पिल्लं त्या हुंकारानं उठून धावत येतात. प्रत्येकाचा सड ठरलेला. जन्मतःच त्यांना सुईसारखे आठ दात असतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या दातांनी भांडणं होतात, आणि एकदा जागा ठरल्या की दूध तुटेपर्यंत सहसा बदलत नाहीत. ज्या सडाला कुणी धनी नाही तो आटून जातो. सगळी जागेवर आली की नाकाडांनी कास घुसळायला लागतात, मिनिटभर तरी. दूध नसतं अजून. हुंकार चालू. मग एकदम हुंकारांची गती वाढते, एकावर एक येऊ लागतात, आणि पिल्लं स्तब्ध होतात. कान मागे, डोळे मिटलेले, जिभा चालू. पान्हा फुटलेला असतो. मी घड्याळ लावून पाहिलं. वीस सेकंद. फार तर पंचवीस. की संपलं. पिल्लं पुन्हा थोडं घुसळतात, तिथेच झोपतात. चोवीस तासांत असं वीस-बावीस वेळा, रात्रीसुद्धा.

पान्हा हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरतो आपण. तो ओढून आणता येत नाही, एवढं त्या शब्दातच आहे. मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटावं लागतं, आणि आई घाबरली, बिथरली तर ते सुटत नाही. तिसऱ्या दिवशी परसात एक परका कुत्रा शिरला होता. डुकरीण कुशीवर झाली, हुंकार सुरू झाला, पिल्लांनी घुसळघुसळ घुसळलं, आणि गती वाढलीच नाही. पिल्लं रिकाम्या तोंडानं झोपली. आंटीनं कुत्र्याला हाकललं, परसाचं दार लावून घेतलं. पुढच्या वेळी दूध आलं.

माझा मुलगा झाला तेव्हा तिसरा दिवस उजाडला तरी माझं दूध नीट उतरलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तोवरचा चमचाभर चीक बाळाला पुरतो, हे मी शिकलेली. पण खोलीत सात-आठ बायका. कुणी म्हणे पदर घेऊन बस, कुणी म्हणे डब्याचं पाजा, एक मोठ्या माणसांतली म्हणाली, “पान्हाच फुटत नाही हिला, मायाच नाही लागलेली अजून.” मी रडले. आईनं शांतपणे सगळ्यांना चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं, आतून कडी लावली, खिडकी अर्धी ओढली आणि माझ्याकडे पाठ करून दुपटी घडी करत बसली. काही म्हणजे काही बोलली नाही. दुपट्याच्या घड्या घालताना ती घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होती, सूर नसलेलं. वीसेक मिनिटांनी माझा झंपर भिजला.

मला त्या क्षणी काजूखालची ती आठवली, हे मी आईला सांगितलं नाही.

आता पुण्याचं. गेली कित्येक वर्षं मी इथे लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. कुत्री-मांजरं जास्त, पण हल्ली मुलं गिनीपिग घेऊन येतात. गिनीपिग ना गिनी देशातला, ना पिग. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा कुरतडणारा प्राणी. तिथे हजारो वर्षांपासून माणसानं पाळलेला, स्वयंपाकघरात चुलीच्या आसपास वावरणारा, आणि खाल्ला जाणारा. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं त्याच्या नावात ‘पोर्सेलस’ म्हणजे छोटं डुक्कर घातलं आणि डुकराशी नातं कागदोपत्री जोडलं गेलं. बाळंतपणात मात्र दोघींचे रस्ते इतके उलटे की एकीला पाहिल्यावर दुसरी कळते.

चौथीतली एक मुलगी आपली ‘जिलेबी’ घेऊन आली. दुकानातून दोन माद्या म्हणून घेतलेली जोडी, त्यातली दुसरी नर निघाली. हे वारंवार होतं. जिलेबी टेबलावर भोपळ्यासारखी पसरली होती. पोटाला हात लावला की आत गुडघे-कोपरं सरकत होती. वजन १ किलो १५० ग्रॅम. खाली कटिराच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या, पुढच्या सांध्यावर बोट ठेवलं, तर दोन हाडांमध्ये बोट मावेल इतकं अंतर पडलेलं. म्हणजे एक-दोन दिवसांत. हा सांधा सैल करणारं रिलॅक्सिन हे संप्रेरक फ्रेडरिक हिसॉ यांना १९२६ मध्ये गिनीपिगमध्येच सापडलं. आणि पहिलं वेत फार उशिरा आलं तर हा सांधा पुरेसा उघडत नाही, पिल्लू अडकतं, पोट फाडावं लागतं. जिलेबी वयानं लहान होती, ती चिंता नव्हती.

मुलीनं विचारलं, “घरटं करू का? कापूस ठेवू?” मी म्हटलं, ती घरटं करत नाही. लपायला एक खोका दे, भरपूर गवत दे आणि रोज आवळ्याची फोड किंवा पेरू. आपल्यासारखंच त्यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि गाभणपणी जास्तच लागतं. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना खलाशांसारखा स्कर्व्ही झालेला पाहिला, तिथून हे कळलं. आणि नर आजच वेगळा कर, आजच. हे शेवटचं मी दोनदा म्हटलं. त्याला कारण आहे, सांगते.

जिलेबी माझ्याच दवाखान्यात व्याली, तपासायला परत आणली त्या दुपारी, खोक्यातच. ती बसूनच होती. अंगातून उचकीसारखी एक लाट गेली, तिनं मान खाली घालून मागच्या पायांमध्ये तोंड नेलं आणि पिल्लाचं डोकं दातांत हलकेच धरून बाहेर ओढलं. पिशवी फाडली, नाक चाटलं, वळवलं, अंग चाटलं. पाच मिनिटांत पुन्हा उचकी. तीन पिल्लं, सगळा कारभार वीस-पंचवीस मिनिटांचा. वार तिनं खाऊन टाकली. आणि पिल्लं! पूर्ण केसाळ. डोळे उघडे, माझ्याकडे बघणारे. दात आलेले. दुधाचे दात या पिल्लांना पोटातच येऊन पोटातच जातात, जन्मतात ती कायमचे घेऊन. केस वाळले न वाळले तोच एक जण खोक्याच्या कडेनं चालत गेलं. संध्याकाळी मुलगी धावत आली मला दाखवायला: सर्वांत मोठ्यानं कोथिंबिरीची काडी तोंडात घेतली होती आणि ती आत आत जात होती.

दुसऱ्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला. “डॉक्टर, ती त्यांना जवळच घेत नाही. एक पिल्लू कोपऱ्यात ओरडत होतं, तरी उचलून आणलं नाही. तिला आवडत नाहीत का?”

प्रश्न ऐकून मला माझ्या खोलीतल्या बायका आठवल्या.

मी वजनकाटा काढला. जिलेबी आता ८२० ग्रॅम. पिल्लं ९१, ८४ आणि ७८. म्हणजे २५३ ग्रॅमचं लेकुरवाळं ओझं, स्वतःच्या वजनाच्या तीस टक्के. तुझ्या आईचं वजन पन्नास किलो असेल तर पंधरा किलोचं बाळ पोटात घेऊन ती जिना चढते आहे असं समज. उंदरीण एकवीस-बावीस दिवसांत विते, ससा एकतीस दिवसांत. त्यांची पिल्लं उघडी, आंधळी, बिळात लपवलेली. हिच्या पूर्वजांना गवताळ रानात बीळ खणायची सोय नव्हती. पिल्लाला पहिल्या दिवसापासून पळता यायला हवं. म्हणून ही त्यांना साठ-सत्तर दिवस वागवते. डोळे पोटात उघडून देते, केस देते, दात देते, आजाराशी लढायची प्रतिपिंडंही जन्माआधीच देते. डुकरीण जे बाहेर चुडतं ओढून बांधते ते घरटं हिनं आत बांधलेलं असतं, आणि पार जन्माच्या दिवसापर्यंत ती ते अंगावर घेऊन फिरत असते.

मुलगी ऐकत होती. मग आम्ही दोघी खोक्यापाशी बसलो. हरवलेलं पिल्लू बारीक शीळ घालत होतं. जिलेबी जागची उठली नाही, पण तिचे कान त्या बाजूला वळले आणि तिनं घशात एक खालचा आवाज काढला. पिल्लू त्या आवाजावर आलं आणि तिच्या पोटाखाली घुसलं. दोनच सड, तीन पिल्लं. एक थांबतं, दुसरं पितं. प्यायला लागलं तशी तिनं दुसऱ्याच्या शेपटीच्या जागी चाटायला सुरुवात केली. पहिले काही दिवस आईनं तिथे चाटल्याशिवाय त्यांना नीट लघवी होत नाही. मुलीनं हे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “म्हणजे करते.” एका पिंजऱ्यात दोन व्यालेल्या माद्या असल्या तर एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, हे सांगितल्यावर तिला लगेच दुसरी मादी हवी झाली. आईनं नजरेनंच नाही म्हटलं.

आता तो नर. दवाखाना सुरू करून वर्ष झालं असेल. एक आजोबा नातवाची गिनीपिग घेऊन आले होते. दिवस भरलेले, सगळं उत्तम. मी पिल्लांबद्दल सांगितलं, खाण्याबद्दल सांगितलं, नराबद्दल बोलायचं राहून गेलं. गिनीपिगची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. दहा आठवड्यांनी आजोबा परत आले. ती पुन्हा पोटुशी होती, चार पिल्लांनी भरलेली, आणि तीन पिल्लांना दूध पाजून अंगात काही उरलं नव्हतं. दोन दिवस खात नव्हती. तोंडाला गोडसर वास येत होता. शरीरानं स्वतःची चरबी जाळायला घेतली की तो येतो, शेवटच्या दिवसांत आईला आणि पिल्लांना घेऊन जातो. मी रात्रभर ग्लुकोज दिलं. पहाटे ती गेली. आजोबांनी मला दोष दिला नाही, उलट थँक्यू म्हणाले. एक वाक्य बोलायचं होतं, मी बोलले नव्हते. त्यानंतर मी कागदच छापून घेतला आणि पहिल्या ओळीत नर वेगळा करायचं लिहिलं. दुसऱ्या ओळीत, तीन आठवड्यांनी नर पिल्लंही वेगळी करायची.

आगोंदच्या सातांपैकी एक पिल्लू दुसऱ्या रात्री डुकरिणीखाली आलं. आडवं होण्याआधी ती नाकाडानं पेंढा ढवळायची, हुंकारायची, गुडघे टेकून थांबायची. पिल्लांना बाजूला व्हायला वेळ द्यायची. एक झोपेत राहिलं. आंटीनं ते फणसाखाली पुरलं. बाकीची सहा तिसऱ्या दिवसापासून माती उकरू लागली, आणि ते त्यांच्या गरजेचंच होतं. डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी, सिमेंटवरच्या पिल्लांना म्हणूनच तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. दोन महिन्यांनी आंटीनं चार विकली, एक पुतणीच्या लग्नासाठी राखलं. चुलीपाशी जगवलेलं बारकं तिनं विकलं नाही. ते मोठं होऊन त्याच काजूखाली दोन वेळा व्यालं, असं मैत्रिणीकडून कळलं.

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते. काकी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ओटीवर बसून कोकमं फोडत होत्या. पाचवी मुलगी तिच्या दोन पोरांना घेऊन माहेरी आलेली. त्यांनी विचारलं, तू म्हणे डुकरांचा पण डॉक्टर, त्यांका काय होता? मी कोकमं फोडायला बसले आणि आगोंदचं सांगितलं. विहिरीचं नाही सांगितलं. चुडतं कशी ओढून आणली, खाली जाडी, वर मऊ, गोणपाट, टॉवेल. दुपारभर कशी थांबली नाही.

काकींचा हात थांबला. समोर त्यांची लेक पोराला भरवत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं.

“हिच्या वेळेक,” त्या म्हणाल्या, “आदल्या दिसाक मियां सगळी खोली सारवलंय. नववो म्हयनो. कोणी सांगूक नव्हता. शेण कमी पडला म्हणान दोनदा गोठ्यात गेलंय.”

मग त्यांनी पुढचं कोकम उचललं.